नवरीच्या पाटीतली माती

गव्हाणच्या कमळाबाई घरत यांचं नाव कुठल्याही छापील पुस्तकात सापडायचं नाही. निमकर सरांच्या त्या गाजलेल्या लेखात त्यांचा फोटो आहे, पण फोटोखाली छापलंय 'स्थानिक महिला मजूर'. मजूर! ज्या बाईने सरांच्या विद्यार्थिनीला चिखलात पाय कसा टाकायचा इथपासून शिकवलं, ती मजूर. आणि अख्ख्या प्रकल्पात ज्यांचे बूट गव्हाणच्या मातीला दोनदा लागले, ते संशोधक. असलं वाचून लोक माना डोलावतात, म्हणून कमळाबाईंची गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी. त्यात त्यांचं चुकलं तेही आलं. ते त्यांनी स्वतः कधी लपवलं नाही.

नव्वद साली कमळाबाई पन्नाशीच्या होत्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. खाडीच्या अंगाला घरतांच्या चार घरांचं मिळून एक मिठागर होतं आणि त्याचं बरंचसं काम त्या आणि त्यांची जाऊ मैना, दोघी मिळून ओढायच्या. आजूबाजूची मिठागरं एकेक करून भरावाखाली गेली होती. बंदर आलं, नव्या शहराचे प्लॉट पडले, रस्ते आले. हे एक आगर कडेला पडलं म्हणून वाचलं. वाफ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन, जिभेला लावून, मीठ किती दिवसांत धरेल ते कमळाबाई सांगायच्या. चुकला तर एखादा दिवस चुकायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर एक पांढरी अँबॅसिडर बांधाच्या टोकाला येऊन थांबली. आतून डॉ. चारुदत्त निमकर उतरले. मुंबईच्या एका संस्थेत ते जुन्या अवशेषांची शास्त्रीय तपासणी शिकवत. माती, कोळसा, खापरं यांच्यावरून जुना काळ कसा ओळखायचा, हा त्यांचा विषय. त्यांच्यामागून एक पोतं, एक लोखंडी पाईप आणि छत्री सांभाळत अरुंधती उतरली. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला तिला एक प्रकल्प करायचा होता: या खाडीवर पूर्वी मीठ कसं काढत, हे मातीवरून शोधायचं. सर तिचे गाईड. सरांनी बॉनेटवर नकाशा पसरला, त्यावर पेन्सिलीने एक वर्तुळ काढलं, "हिला जरा मदत करा बाई," असं कमळाबाईंना सांगितलं आणि जेवायची वेळ झाली म्हणून पनवेलला निघून गेले. पंधरा मिनिटं लागली असतील नसतील.

मार्गदर्शन झालं. पुढचे सहा महिने मार्ग दाखवायला कमळाबाई होत्या.

अरुंधतीने पनवेलला लाईन आळीत खोली घेतली होती. सकाळच्या एस.टी.ने ती गव्हाणला यायची. पहिल्या दिवशी बांधावरून दोनदा घसरली, तिसऱ्यांदा मैनाबाईंना घेऊन घसरली. कमळाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "टाच नको रोवू गो बाय. बोटांनी धर. चिखल काय तुज्या बापाचा जिना हाय?" दहा दिवसांत पोरगी बांधावरून चालायला लागली. मग कमळाबाईंनी तिला पाण्याचे रंग शिकवले, कुठली माती पाणी पिते आणि कुठली धरून ठेवते ते शिकवलं, वाफ्याचा तळ पायांनी तुडवून वर लाकडी चोपण्याने कसा चोपायचा ते हातात चोपणं देऊन शिकवलं. अरुंधतीने पाच वह्या भरल्या. पोर चांगली होती, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढे राग भलत्यावरच निघायचा.

मार्गशीर्षात तिने खड्ड्याची जागा निवडली. खाडीचं पाणी आत घ्यायला लाकडी फळ्यांचं दार असतं, त्याच्या बाजूचा कोपरा. कमळाबाई म्हणाल्या, तो कोपरा नको, पाणी झिरपेल. अरुंधती म्हणाली, मी परत तुडवून, चोपून देईन, तुम्हीच शिकवलंय ना. मैनाबाईंनी डोळे वटारले, पण फावडं पडलं.

दोन वीत खाली गेल्यावर माती बदलली. वरचा काळा चिखल संपून राखेसारखी भुरी माती लागली. मग पुन्हा काळा थर, पुन्हा भुरी. भुऱ्या मातीत कोळशाचे तुकडे, पातळ काठाची लाल खापरं, शंखाच्या बांगडीचा एक तुकडा. अरुंधतीने फावडं थांबवलं. तिने कमळाबाईंना जवळ बोलावलं आणि अगदी नेमका, सरळ प्रश्न विचारला: "मावशी, ही भुरी माती इथलीच ना? की कुणी बाहेरून आणून टाकलीय?"

"हितलीच," कमळाबाई म्हणाल्या. "बाहेरून कोन आननार?"

हे खोटं होतं. कमळाबाईंना ती माती कुठली हे तळहातासारखं ठाऊक होतं, कारण त्यांनी स्वतः ती डोक्यावरून आणली होती.

घरतांच्या त्या चार घरांत एक रीत होती. नवी नवरी घरात आली की लग्नानंतरच्या पहिल्या मार्गशीर्षात, दुपारी पुरुष जेवायला बसले की, तिने एकटीने गावामागच्या राखेच्या टेपाडावर जायचं. तिथली भुरी माती पाटीभर खणायची, डोक्यावर घेऊन आगरात यायचं, दाराजवळच्या कोपऱ्यात ओतून पायांनी तुडवायची. पाटी रिकामी होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि माती कुठली, ते परक्याला काय, नवऱ्यालाही सांगायचं नाही. सांगितलं की आगराचा पाय सुटतो, मीठ धरत नाही. ही राख-माती तळ घट्ट बांधते हेही खरंच होतं, पण बायकांना ते काही शास्त्र म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पुरुषांना सगळं माहीत असायचं आणि माहीत नसल्यासारखं ते भात कालवत बसायचे. कमळाबाईंनी सत्तावन्न साली आपली पाटी नेली होती. तेहतीस वर्षांत त्यांनी त्याचा उच्चार केला नव्हता. आता एका कॉलेजच्या मुलीने विचारलं म्हणून बोलायचं?

त्या बोलल्या नाहीत. इथे त्यांचं चुकलं.

कोळसा तपासणीला गेला. एप्रिलमध्ये उत्तर आलं: सुमारे चौदाशे वर्षं जुना. दुसऱ्याच दिवशी अँबॅसिडर परत बांधावर. या वेळी फोटोग्राफरसकट. अरुंधतीने खड्ड्याच्या भिंतीचं चित्र काढलं होतं, त्यात भुऱ्या मातीच्या अकरा रेघा होत्या. सरांनी हिशेब मांडला: अकरा रेघा म्हणजे मिठागराच्या दुरुस्तीचे अकरा टप्पे, शंभर-सव्वाशे वर्षांनी एक. म्हणजे हे किनाऱ्यावरचं सर्वांत जुनं मिठागर. प्रकल्पाचं नाव जागच्या जागी बदललं. आणि त्या पाच वह्या, ज्यात मीठ कसं पिकतं ते सगळं होतं? सर म्हणाले, ते मागे परिशिष्टात टाका.

अरुंधतीने हे सगळं येऊन सांगितलं तेव्हा दोघी जावा पोट धरून हसल्या. मैनाबाई म्हणाल्या, "चवदाशे वर्सं? आमची सासू पन येवडी जुनी नव्हती." कमळाबाईंच्या मनात दुसरंही आलं. आगराला मोठेपणा मिळाला तर त्यावर कुणी भराव टाकणार नाही. बोलतात तर बोलू दे, आपलं काय जातंय?

काय जातंय ते मे महिन्यात कळलं.

बंदराच्या रस्त्याला भरावाची माती लागत होती. ठेकेदाराने परवानगी काढली आणि राखेच्या टेपाडाला मशीन लावलं. दोन पुरुष उंचीचं ते टेपाड, गावाचं तळं आणि ओढा यांच्या मधलं. त्यावर पीक येत नाही, गुरं चरत नाहीत. सरकारी दप्तरात पडीक. पण चार घरांतल्या सगळ्या बायका आयुष्यात एकदा तिथे एकट्या गेलेल्या. कमळाबाई, मैनाबाई आणि आणखी दोघी एस.टी. धरून पनवेलला मामलेदार कचेरीत गेल्या. त्या जागेवर जुनं काही आहे, ती खणू नका, असं त्यांचं म्हणणं.

कारकून उर्मट नव्हता. त्याने फाईल काढून दाखवली. परवानगी देण्याआधी कचेरीने रीतसर तज्ज्ञांना विचारलं होतं, कारण तज्ज्ञ तिथेच काम करत होते. तज्ज्ञांचं पत्र फाईलला होतं. खाली सही, डॉ. चारुदत्त निमकर. प्राचीन अवशेष मिठागरापुरते मर्यादित आहेत, टेपाड नैसर्गिक आहे, माती उचलण्यास हरकत नाही.

सर टेपाडावर एकदाही गेले नव्हते. नकाशावर त्यांनी काढलेल्या वर्तुळाच्या ते बाहेर पडत होतं, एवढाच त्या टेपाडाचा गुन्हा. कुणाचं घर, कुणाची जमीन, कुणाचं जुनंपुराणं अशा एका ओळीत उडवून द्यायचं आणि वर सही ठोकायची. ही हिंमत माणसाला शिक्षणाने येते की शिकलेल्याला कुणी विचारत नाही म्हणून येते? कारकून म्हणाला, बाई, त्याच साहेबांनी उलटं लिहून दिलं तर थांबवता येईल. तुमच्या तोंडी सांगण्यावर कसं थांबवू?

कचेरीच्या बाकड्यावर कमळाबाई टेकल्या. मग मैनाबाईंना म्हणाल्या, मी आता त्या पोरीला सगळं सांगनार.

मैनाबाईंनी त्यांचा दंड धरला. "सांगशील तर आगराचा पाय सुटंल."

"टेपाडच ऱ्हायलं नाय तर पुडच्या नवरीनं माती कुटली आनायची, मैने? रीत कोनाला सांगनार हायस, रस्त्याला?"

मैनाबाईंनी दंड सोडला, पण लाईन आळीपर्यंत त्या दहा पावलं मागेच चालत राहिल्या.

खोलीत अरुंधती प्लास्टिकच्या टबात टूथब्रशने खापरं घासत होती. कमळाबाईंनी उंबऱ्यातच बसून सांगितलं: मी खोटं बोलले, माती टेपाडाची, आणि मग नवरीची, पाटीची, मुकाट्याने तुडवायची सगळी हकीकत. अरुंधतीचा चेहरा उतरला. सहा महिन्यांचं काम त्या टबात बुडताना तिला दिसत होतं. तरी ती रडली नाही की चिडली नाही. वही पुढे ओढून तिने विचारलं, पाटी केवढी? दर लग्नाला एकच का? एकीच्या मातीवर दुसरीची येईपर्यंत मधे चिखल किती साचतो? कमळाबाईंना तिचं कौतुक वाटलं. हिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मग तिने खड्ड्याच्या भिंतीचं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. कमळाबाईंनी वरून बोट लावलं. ही मैनाच्या सुनेची. ही मैनाची. "वरून तिसरी, ती माजी." त्याखाली सासूची, चुलतसासूची, पलीकडच्या घरातल्या दोघींची. अशा अकरा. शंभर वर्षांचासुद्धा ऐवज नव्हता तो. कोळसा मात्र खरोखर चौदाशे वर्षांचा, कारण टेपाड चौदाशे वर्षांचं.

दुसऱ्या दिवशी दोघी टेपाडावर गेल्या. मशीनने एक अंग उभं कापलं होतं. पुरुषभर उंचीची भुरी भिंत, तिच्यात राखेवर राख, चुलीच्या जागा, आणि भिंतीतून बाहेर डोकावणारी लाल खापरं, शेकड्यांनी. अरुंधतीने खड्ड्यातलं काठाचं खापर रुमालात बांधून आणलं होतं. ते भिंतीतल्या खापराशेजारी धरलं. तोच काठ, तीच जाडी. आणि समोर टिपर भरून चालले होते.

तिने एस.टी.डी. बूथवरून सरांना फोन लावला. कमळाबाई काचेबाहेर उभ्या होत्या. सर काय बोलले ते तिने बाहेर येऊन जसंच्या तसं सांगितलं. प्रबंध बारा दिवसांवर सादर करायचाय. ही बाई आधी माती इथली म्हणाली, आता बाहेरची म्हणते, उद्या तिसरंच काही म्हणेल. अशा माहितीवर शास्त्र चालत नाही. टेपाडाचं पुढच्या वर्षी बघू, त्यावर एखादा विद्यार्थी लावू.

पुढच्या वर्षी! मशीन काय सरांच्या संस्थेचं वेळापत्रक बघून चालणार होतं? आणि बाई खोटी पडली म्हणे. बाईने शब्द बदलला तो स्वतःचं नुकसान करून बदलला. सरांनी बदलला नाही, कारण त्यांचं नुकसान झालं असतं. यातलं शास्त्र कुठलं?

त्याच रविवारी पनवेलच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सरांचं भाषण होतं. तिथल्याच एका मंडळाने ठेवलेलं, पडद्यावर चित्रं दाखवून. भाषणानंतर मिठागराच्या मातेचा सत्कार, शाल आणि श्रीफळ. मिठागराची माता म्हणजे कमळाबाई. त्या गेल्या. शाल घ्यायला नाही गेल्या. दुसऱ्या रांगेत मैनाबाईंना शेजारी घेऊन बसल्या. मैनाबाई आल्या होत्या हेच पुष्कळ होतं.

पडद्यावर अकरा रेघा आल्या आणि सर टप्पे सांगायला लागले, तशा कमळाबाई उभ्या राहिल्या.

"सायेब, त्या रेघांतली वरून तिसरी माजी हाय."

हॉल हसला. सरही हसले. "बाई, प्रश्न शेवटी घेऊ या."

"प्रश्न नाय. सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. चार घरांतल्या बायकांनी जे आपल्या नवऱ्यांना सांगितलं नव्हतं, ते दीड-दोनशे लोकांसमोर सांगितलं. टेपाडाचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, कचेरीतल्या पत्राचं सांगितलं. शेवटाला हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं.

सरांनी चष्मा पुसला. माणूस हुशार. त्यांनी नेमकी दुखरी नस धरली. "म्हणजे डिसेंबरमध्ये तुम्ही माझ्या विद्यार्थिनीला खोटं सांगितलंत. बरोबर ना?"

"बरोबर. घरची रीत पाळली मी. ती माजी चूक, चारचौगांत कबूल करते. तुमी टेपाड न बगता कचेरीत कागद दिलाव, ती कंची रीत?"

सर अरुंधतीकडे वळले. ती प्रोजेक्टरशेजारी उभी होती आणि तिचं अख्खं वर्ष सरांच्या एका सहीवर टांगलेलं होतं. हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच तर विचारलं. "अरुंधती, तुमचं काय म्हणणं आहे?"

"मी टेपाड पाहिलंय, सर," ती म्हणाली. "मावशी खरं सांगतायत."

सर म्हणाले, ही या चर्चेची जागा नव्हे. संयोजकांनी घाईघाईने चहा झाल्याचं जाहीर केलं.

प्रबंधावर सरांची सही झाली नाही. अरुंधतीचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका बाईंच्या हाताखाली तिने पाच वह्या घेऊन सगळं नव्याने लिहिलं. टाईप केलेली ती प्रत संस्थेच्या कपाटात पडून आहे. सरांचा लेख मात्र अकरा टप्प्यांसह छापून आला, लोकांनी वाखाणला, आजही कुणीकुणी त्याचा दाखला देतं. हे सगळं पुढचं. हॉलमधल्या त्या रविवारी कमळाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की टेपाड निम्म्याच्या वर गेलंय.

सोमवारी सकाळी त्या भाकरी बांधून टेपाडावर जाऊन बसल्या. कापलेल्या भिंतीच्या पायथ्याशी, मशीनच्या तोंडासमोर. मैनाबाई आल्या, मैनाबाईंची सून आली, दुपारपर्यंत गावातल्या धरून चौदा बायका झाल्या. चार घरांतले पुरुष लांब तळ्याच्या कडेला उभे राहून बघत होते. या वेळी त्यांना माहीत नसल्यासारखं करता येत नव्हतं. ठेकेदाराचा माणूस आधी गोड बोलला, मग पोलिसांचं नाव घेऊन बोलला. अरुंधती कचेरीत आपलं पत्र आणि चित्रं देऊन आली. विद्यार्थ्याचं पत्र चालत नाही, असं तिला तिथे सांगितलं.

बुधवारी तलाठी आला. ठेकेदाराने तक्रार केली होती: बायका कामात अडथळा आणतात, जागेवर येऊन पंचनामा करा. तलाठ्याने दगडावर बसून मांडीवर कागद घेतला आणि बायका मोजायला सुरुवात केली.

कमळाबाई उठून त्याच्यापुढे गेल्या. "पंचनामा जागेचा ना? मग आमी बसल्याव ते लिवा. आनि आमच्या मागं काय हाय ते बी लिवा."

तलाठी म्हणाला, माझ्याकडे फक्त अडथळ्याची तक्रार आहे. कमळाबाई म्हणाल्या, डोळ्यांसमोरचं सोडून लिहायला तुम्ही काय सायेब लागून गेलात? बायका हसल्या. तलाठी पनवेलचाच, रविवारी हॉलमध्ये बसून सगळं ऐकून गेलेला. तो उठला, भिंतीपाशी गेला, हाताने एक खापर उपसून पाहिलं. मग परत बसला आणि लिहू लागला. टेपाडाची कापलेली बाजू, उंची अंदाजे सहा फूट. राखेची माती, थरांवर थर. जुनी खापरं व कोळसा जागोजाग दिसतो. तज्ज्ञांचे पत्र आणि जागेवरची स्थिती जुळत नाही. दोन पंचांनी सह्या केल्या. तळ्याच्या कडेचे पुरुष पंच म्हणून तरी पुढे आले.

पुढे याच कागदावर मामलेदारांनी खोदाई थांबवली. टेपाडाचा तिसरा हिस्सा तेवढा उरला. दोन हिस्से आज रस्त्याखाली आहेत आणि त्यांचा जाब कुणी कुणाला विचारला नाही.

त्या बुधवारी मात्र, पंचांच्या सह्या होऊन तलाठी कागद मिटायला लागला तेव्हा कमळाबाईंनी त्यावर हात ठेवला. म्हणाल्या, माझा जबाब राहिला. माझं नाव लिवा, सगळं, कमळाबाई धर्मा घरत. आणि लिवा की पहिल्यांदा विचारलं तवा ही बाई खोटं बोलली.

"ते कशाला?" तलाठी वैतागला. "उगाच कागद कमजोर होतो, आजी."

"होऊं दे. जे झालं ते लिव. मी लिवू नको म्हटलं तर माज्यात न् त्या निमकर सायेबांत फरक काय ऱ्हायला?"

त्याने पेनाचं टोपण परत काढलं आणि लिहिलं.